बेल्लमपल्लीला एक कच्चा ट्रॅक हवा

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सालेम नावाचे शहर आहे. तिथल्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये ६ ऑगस्ट १९७१ रोजी मोटारींची अडीचशे फेऱ्यांची शर्यत झाली. एक फेरी पाव मैलाची, म्हणजे चारशे मीटर आणि वर दोन-चार पावले. आपल्या जिल्हा क्रीडा संकुलात धावण्याचा ट्रॅक असतो तेवढीच. मध्ये फुटबॉलचे मैदान, त्याला वेढून लंबगोल सपाट डांबरी पट्टा आणि पट्ट्याला लागून पायऱ्यांवर बसलेले गाव. बॉबी अ‍ॅलिसन फोर्ड मस्टँग घेऊन पहिले आले, रिचर्ड पेटी दुसरे. मोठ्या वर्गातल्या गाड्या पुरेशा येत नव्हत्या, म्हणून त्या हंगामात काही शर्यतींत मस्टँगसारख्या छोट्या गाड्यांनाही सोबत उतरू दिले होते. एवढ्या कारणावरून हा विजय अ‍ॅलिसन यांच्या खात्यावर मांडायचा की नाही, हा घोळ त्रेपन्न वर्षे मिटला नाही. शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मान्य केला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत अ‍ॅलिसन वारले. आकडेवारीच्या भक्तांना या घोळात रस असणे साहजिक आहे. पण त्या शर्यतीचे खरे महत्त्व वेगळे आहे. सर्वोच्च दर्जाच्या मालिकेतली त्या स्टेडियममधली ती शेवटची शर्यत ठरली. १९७१ च्या सुरुवातीलाच अमेरिकेत टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीचा पैसा ‘विन्स्टन’ या ब्रँडच्या नावाने मोटारशर्यतींकडे वळला. पुढच्याच वर्षी मालिकेतल्या शर्यती ४८ वरून ३१ वर आल्या. कमी अंतराच्या, छोट्या गावांतल्या शर्यती गाळल्या गेल्या आणि मोठ्या, टीव्हीवर शोभणाऱ्या तेवढ्या राहिल्या. गंमत अशी की रेनॉल्ड्स कंपनीचे मुख्यालय याच शहरात होते आणि स्टेडियमला नावही त्याच कंपनीच्या माजी प्रमुखाचे होते. गावच्या कंपनीच्या पैशाने गावचीच शर्यत गेली.

एवढे होऊनही ते स्टेडियम ओस पडले नाही. १९४९ पासून तिथे उन्हाळ्याच्या शनिवारी स्थानिक लोकांच्या शर्यती होत आल्या होत्या, त्या तशाच चालू राहिल्या. गॅरेजवाले, ट्रकचालक, छोटे दुकानदार आठवडाभर काम करून शनिवारी आपली ठोकलेली, पुन्हा सरळ केलेली गाडी घेऊन येत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅस्कारची बडी मंडळी एका प्रदर्शनी शर्यतीसाठी परत आली, तेव्हा त्यांना तयार ट्रॅक आणि तयार प्रेक्षक मिळाले, कारण मधल्या चोपन्न वर्षांत कोणीतरी ते राखले होते. मोटारशर्यतीच्या खेळात टिकते ते छोटे, स्वस्त आणि दर आठवड्याचे. मोठे आणि महागडे येते आणि जाते. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते इथे मांडण्याचे कारण तेलंगणात आहे.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी, नव्या सचिवालयाला लागून, फॉर्म्युला ई ची शर्यत झाली. विजेवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांची ही जागतिक मालिका भारतात पहिल्यांदाच आली होती. पावणेतीन किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा रस्ता भिंती आणि जाळ्या लावून बंद केला, शहराची वाहतूक काही दिवस वळवली, फ्रान्सचा ज्याँ-एरिक व्हर्न जिंकला. पुढच्या फेब्रुवारीत दुसरी शर्यत व्हायची होती. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले, जानेवारीत शर्यत रद्द झाली. आयोजकांनी करारभंगाचा ठपका सरकारवर ठेवला आणि सरकारने आधीच्या सरकारच्या व्यवहारावर बोट ठेवले. पैसे कसे दिले गेले यावरून गुन्हा नोंदला गेला, त्याचा निवाडा न्यायालय करील. इथे प्रश्न कोण दोषी याचा नाही. त्या शर्यतीतून तेलंगणाच्या हाती काय राहिले? भिंती उचलल्या गेल्या, रस्ता पुन्हा रहदारीला खुला झाला. मंचेरियाल, आसिफाबाद किंवा खुद्द हैदराबादच्या एखाद्या मेकॅनिकला गाडीच्या जवळ जाता आले असेल तर ते तिकीट काढून, जाळीच्या अलीकडून. ग्रेटर नोएडातली कथा याहून मोठी आणि याहून उदास आहे. ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट जेपी समूहाने शेकडो कोटी ओतून बांधले. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे फॉर्म्युला वन आली, तीन वर्षे झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. उत्तर प्रदेश सरकारने या प्रकाराला खेळ मानायला नकार देऊन करमणूक कर लावला, २०१३ नंतर फॉर्म्युला वन परतली नाही. २०२३ मध्ये मोटोजीपी आली, तीही एकदाच. जगातल्या उत्तम ट्रॅकांत गणला गेलेला तो ट्रॅक आजूबाजूच्या गावांच्या किती पोरांना परवडतो, हे विचारण्याची गरजही वाटू नये.

यावर लगेच ऐकू येणारे उत्तर असे की हा खेळच श्रीमंतांचा, त्याला गरिबांच्या दारी नेण्याचा हट्ट कशाला? हे उत्तर इतिहासाला धरून नाही. स्टॉक कार शर्यतीचा जन्मच गॅरेजात झाला. शोरूममध्ये मिळते तीच गाडी शर्यतीला आणायची, अशी तिची मूळ अट. नॅस्कारने १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या कच्च्या मातीच्या ट्रॅकवर अशी पहिली शर्यत घेतली. ग्लेन डनवे नावाचा चालक पहिला आला आणि तपासणीत बाद झाला. त्याच्या फोर्ड गाडीचे मागचे कमानपाटे चोरट्या दारूची खेप वाहण्यासाठी कडक केलेले निघाले. तीच गाडी आठवडाभर त्या धंद्यावर होती म्हणतात. विजय दुसऱ्या क्रमांकाच्या जिम रोपर यांना मिळाला. कमानपाटा कसा बसवला यावरून निकाल फिरणारा खेळ राजेरजवाड्यांचा नसतो. आपल्याकडचा पुरावाही याच बाजूचा आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये निघाला आणि शोलावरमच्या महायुद्धकाळातल्या पडीक धावपट्टीवर दशकानुदशके शर्यती भरवत राहिला. तिथे कोणी पंचतारांकित सर्किट बांधले नव्हते. सोडून दिलेली जमीन आणि पिंपे होती. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन बसवून छोटी शर्यतीची गाडी बनवली. ती फॉर्म्युला मारुती. परदेशी गाडी आयात करण्याच्या खर्चाच्या कणभर खर्चात पोरे शर्यत शिकू लागली. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन याच शिडीने चढला. करिवर्धन स्वतः गिरणीमालकांच्या घरातले होते, हे लपवायचे कारण नाही. पण त्यांनी वारसा ठेवला तो स्वस्त गाडीचा, आणि म्हणून तामिळनाडूत आज चालक आहेत, मेकॅनिक आहेत, एकापेक्षा अधिक कायमचे ट्रॅक आहेत. देशाची मोटार जिथे बनते त्या चाकण-पिंपरीच्या महाराष्ट्राने याबाबत तामिळनाडूकडे पाहावे, असा हा हिशेब आहे.

असा स्वस्त ट्रॅक जिथे हवा असे मला वाटते ते गाव म्हणजे बेल्लमपल्ली. २०१६ पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता मंचेरियालमध्ये आहे. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे हे स्टेशन मराठी वाचकाला फार परके नाही. राजुरा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यात जमिनीखालचा कोळशाचा पट्टा राज्यांची सीमा ओळखत नाही. तिकडे सिंगरेणी ही कोळसा कंपनी, इकडे बल्लारपूर, राजुरा आणि वणीत वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे वेकोलि. बेल्लमपल्लीत खाणकाम १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि गाव त्यावरच वाढले. आज गावातल्या जुन्या भूमिगत खाणी बहुतांश मिटल्या आहेत. ‘बेल्लमपल्ली एरिया’ या नावाने सिंगरेणीचा जो कारभार चालतो तोही आसिफाबाद जिल्ह्यातल्या गोलेटीहून, आणि कोळसा निघतो तो मुख्यतः उघड्या खाणींतून. १९९० च्या सुमारास लाखाच्या वर असलेली सिंगरेणीची कायम कामगारांची संख्या आता चाळीस हजारांच्या आसपास आहे. कोळसा मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त निघतो, कारण फावड्या-टोपलीची जागा यंत्राने घेतली. या बदलाची एक बाजू सगळे सांगतात, की नोकऱ्या गेल्या. दुसरी बाजू अशी की तीन पिढ्यांत या गावांत फिटर, वेल्डर, टर्नर, ऑटो-इलेक्ट्रिशियन, डंपर ऑपरेटर यांची जी फळी उभी राहिली ती अजून आहे. गावात पॉलिटेक्निक आहे. घरातल्या आजोबांनी हॉलेज इंजिन दुरुस्त केलेले असते, बापाने डंपरचे हायड्रॉलिक, आणि नातू दुचाकीचा सायलेन्सर काढून रात्री हायवेवर जातो. तिसऱ्या पिढीच्या हाताला काम हवे हे तर खरेच, पण त्या हाताला मिरवायला जागा हवी हेही खरे.

अशी जागा म्हणजे नेमके काय, ते जरा जवळून पाहू. चारशे मीटरचा लंबगोल ट्रॅक, रुंदी बारा-पंधरा मीटर, पृष्ठभाग मातीचा. काळी रेगडी चालणार नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि थोड्या पाण्याने साबणासारखी निसरडी होते. मुरमाचा थर, त्यावर तांबूस चिकणमाती, पाण्याचा टँकर आणि रोड रोलर. ग्रामपंचायतीचा रस्ता करणाऱ्या कंत्राटदाराकडे याहून जास्त सामान असते. गाड्या एकाच दिशेने, डावीकडे वळत पळतात, त्यामुळे उजव्या बाजूची चाके आणि स्प्रिंगा जास्त भार घेतात आणि त्या कशा जुळवायच्या हे गॅरेजातले कसब ठरते, पैशाचे नव्हे. जुन्या गाड्यांचा तोटा नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. सरकारी जीपगाड्या, मोटारी भंगारात जातात, त्यांतल्या काहींना काचा काढून, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडून, पेट्रोलची टाकी सुरक्षित जागी हलवून ट्रॅकवर आणता येते. आणि या ट्रॅकचा सर्वांत मोठा गुण प्रेक्षकाच्या बाजूचा आहे. पाच किलोमीटरच्या सर्किटवर तिकीट काढून बसलेल्याला एका वळणाचा तुकडा दिसतो, बाकीची शर्यत मोठ्या पडद्यावर. चारशे मीटरच्या लंबगोलावर पहिल्यापासून शेवटच्या गाडीपर्यंत सगळे, सगळा वेळ, प्रत्येकाला दिसते. कोणी कोणाला धक्का दिला, कोणाचे इंजिन धूर सोडू लागले, कोण आत घुसला, यावर पायरीवरचा प्रत्येक जण पंच होतो.

अशा गर्दीची चव आपल्या लोकांना लावावी लागणार नाही. विदर्भातला शंकरपट आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती पाहणारे लोक हेच आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात जत्रांमधून ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धा लागतात. दोन चाकी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर आखलेल्या पट्ट्यातून उलटा, कमीत कमी वेळात, रेषेला न शिवता न्यायचा. ज्याने कधी ट्रॉली मागे घेतली आहे त्याला ठाऊक आहे की स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रॉलीचे ढुंगण उजवीकडे जाते. शेतीच्या कामाच्या यंत्राला खेळात आणण्याची ही रीत कोणी अमेरिकेतून आणलेली नाही. शिवाय शर्यतीला कायद्याच्या चौकटीत बसवता येते हे बैलगाड्यांनीच दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, चाबूक-काठीला मनाई, हे सगळे लिहून काढता आले. मुक्या जनावराला संमती विचारता येत नाही, तिथे नियम करता आले, तर हेल्मेट घालून स्वतःच्या मर्जीने बसलेल्या माणसासाठी ते करणे अधिक अवघड असू नये.

माणूस मरेल, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सला एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. छोट्या ट्रॅकवरही माणसे मेली आहेत, चालकही आणि कठड्याला टेकलेले प्रेक्षकही. पण धोक्याचे मोजमाप वेगावर आणि भिंतीवर होते. बोमन ग्रेच्या पाव मैलावर १९७१ साली देशातले पहिल्या फळीचे चालकसुद्धा सरासरी ताशी शंभर किलोमीटरच्या आत होते, कारण वेग पुरता चढण्याआधीच वळण येते. मातीवर आणि जुन्या गाडीत वेग त्याहून कमी. काँक्रीटचा कठडा, त्यावर पोलादी जाळी, कठड्यापासून मागे सरकवलेली पहिली पायरी, आत रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी, हे नसेल तर झेंडाच हलता कामा नये. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही मान्यताप्राप्त संस्था परवाने आणि नियम देते. तिच्या तपासणीशिवाय शर्यत होऊ नये. आणि मग उलट बाजूही मोजावी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा. रस्त्यावर पैजा लावून गाड्या पळवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, २०१९ नंतर दंडही वाढला, तरी मंचेरियाल-चंद्रपूरच्या हायवेवरची रात्र त्याने शांत झालेली नाही. ट्रॅक आला की रस्त्यावरच्या पैजा थांबतील, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. एक मात्र निश्चित की आज ज्या पोराला वेगाची ओढ आहे त्याला कायदेशीर जागाच नाही, आणि जागा नसताना नुसता दंड वाढवणे म्हणजे त्याच्याशी पोलीस चौकीपलीकडे काही बोलायचे नाही असे ठरवण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा. कोळशाच्या गावात, धुळीने आधीच घसे धरलेल्या लोकांपुढे आणखी धूर? आकडा मांडून पाहू. वीस गाड्या, प्रत्येकी शंभर फेऱ्या, म्हणजे सगळ्या मिळून आठशे किलोमीटर. शर्यतीत इंजिन पिळले जाते म्हणून लिटरला चार-पाच किलोमीटर धरले तरी दीड-दोनशे लिटर पेट्रोल. उघड्या खाणीतला एक मोठा डंपर दोन पाळ्यांत याहून अधिक डिझेल सहज पितो. धुराचा प्रश्न असेल तर तो आधी खाणीला विचारावा. आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे. वस्तीपासून दूर जागा आणि रात्री दहाच्या आत इंजिने बंद, एवढी अट त्यासाठी हवी. धुळीला टँकर लागेल आणि टँकरला पाणी. ते पिण्याच्या पाण्याच्या योजनेतून नव्हे, बंद खाणीतून उपसलेल्या पाण्यातून यावे.

प्राधान्याचा आक्षेप याहून अवघड आहे. दवाखान्यात डॉक्टर नसताना ट्रॅक कसला? जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीवर पहिला हक्क पाणी आणि आरोग्याचा आहे आणि तो तसाच राहावा, त्यातला रुपयाही इकडे नको. पैसा वेगळ्या खात्यातला आहे. कोळसा मंत्रालयाच्या खाणबंदी मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपनीला हेक्टरी ठरलेली रक्कम एस्क्रो खात्यात ठेवावी लागते; २००९ च्या तत्त्वांत ती उघड्या खाणीसाठी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये होती. खाण मिटल्यावर जमिनीचे काय होणार हे बंदी आराखड्यात लिहावे लागते. आराखड्यात झाडे लावणे असते, ते हवेच. आता सौर पॅनेलही असतात. त्या यादीत गावाच्या वापराचे मैदान, आणि त्या मैदानाभोवती मातीचा लंबगोल पट्टा, घालायला कुठला नियम आड येतो? बोमन ग्रे स्टेडियमही तीसच्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम द्यायच्या सरकारी योजनेतून उभे राहिले होते, फुटबॉलसाठी. मोटारी नंतर आल्या आणि मैदानाचा वापर दुप्पट झाला. बेल्लमपल्लीतही मध्ये कबड्डी-फुटबॉलचे मैदान असावे. हुसेनसागराच्या एका शर्यतीचा पैसा अशा किती मैदानांना पुरला असता हा हिशेब ज्याने-त्याने करावा.

एक आक्षेप स्टॉक कारच्या इतिहासातूनच येतो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावचा ट्रॅक म्हणजे गावचेच पंच, गावचीच जात, गावचाच दादा. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर वेंडेल स्कॉट यांनी शर्यत जिंकली. स्कॉट व्हर्जिनियातले, कृष्णवर्णीय, स्वतःच्या जुन्या गाड्या स्वतः दुरुस्त करून पळवणारे. शर्यत दोनशे फेऱ्यांची होती. स्कॉट २०२ फेऱ्या फिरले तरी चौकडीचा झेंडा त्यांच्यासाठी हलला नाही. विजेता म्हणून गोऱ्या बक बेकर यांचे नाव पुकारले गेले, करंडक त्यांच्या हाती गेला. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, फेऱ्यांच्या मोजणीत चूक झाल्याचे सांगून स्कॉट यांना बक्षिसाचे पैसे दिले. नॅस्कारकडून त्यांच्या कुटुंबाला करंडक मिळाला तो २०२१ मध्ये. स्कॉट १९९० मध्येच गेले होते. हाताने फेऱ्या मोजण्याच्या काळात चूक होऊ शकते, हे खरे. तीच चूक नेमकी कोणाच्या वाट्याला आली, हे तेव्हाच्या फ्लोरिडात सगळ्यांना कळत होते. आपण यावर नाक मुरडण्याच्या स्थितीत नाही. दलित क्रिकेटपटू पाळवणकर बाळूंच्या फिरकीवर हिंदू संघ सामने जिंकत होता तेव्हा त्यांना चहा वेगळ्या भांड्यात मिळत होता आणि कप्तानपद त्यांना कधी मिळालेच नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. तेव्हा छोटा ट्रॅक आपोआप समतेचा होतो असे मी म्हणत नाही. स्कॉट यांच्यासारख्याला उतरता आले ते छोट्या, स्वस्त ट्रॅकमुळे, आणि नाडता आले तेही तिथल्याच मोजणीच्या टेबलावर, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून मोजणी माणसाच्या हातात ठेवू नये. गाडीला छोटे ट्रान्सपाँडर लावले की फेरी रेषेवर आपोआप नोंदते आणि लगेच फलकावर दिसते. प्रवेश चिठ्ठी टाकून, आणि शर्यत संपताच विजेत्या गाडीची उघड्यावर तपासणी. शिवाय ट्रॅकचा कारभार एखाद्या नेत्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे गेला तर दुसऱ्या हंगामातच तो फ्लेक्स लावायची जागा होईल. सिंगरेणी, नगरपालिका आणि पॉलिटेक्निक यांची समिती असावी, तिच्यात बाहेरचे तांत्रिक निरीक्षक असावेत.

राहिली जमीन, आणि इथे माझ्या म्हणण्यातली सर्वांत कच्ची बाजू आहे. बेल्लमपल्लीच्या भूमिगत खाणींत कोळशाचे खांब उभे ठेवून आजूबाजूचा कोळसा काढत. शेवटी ते खांबही काढले की छत खाली येते आणि मागे राहतो तो पोकळ, ढासळलेला भाग, खाणीच्या भाषेत गोफ. वरची जमीन हळूहळू, कधी अचानक, खचते, भेगा पडतात. जिथे वाळू भरली होती तिथे खचणे कमी, जिथे भरली नाही तिथे जास्त. अशा जमिनीवर शेकडो माणसे बसवणे हा गुन्हा ठरेल. उघड्या खाणीच्या मातीचे डोंगरही वर्षानुवर्षे बसत राहतात, त्यांच्या माथ्यावरही ट्रॅक नको. मात्र खाणक्षेत्रात अशी जमीनही असते जिच्याखाली कोळसा काढलेलाच नाही, जुन्या कार्यशाळांच्या, वाळूच्या साठ्यांच्या, रेल्वे सायडिंगच्या जागा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या नियमांनुसार प्रत्येक खाणीचे नकाशे ठेवावे लागतात आणि खाण बंद झाली तरी ते टाकून द्यायचे नसतात. कुठल्या सर्व्हे नंबरखाली गोफ आहे आणि कुठे खांब शाबूत आहेत, हे सिंगरेणीच्या सर्व्हे विभागाला आजही सांगता यायला हवे. वेकोलिलाही राजुरा-बल्लारपूरबद्दल ते सांगता यायला हवे. उन्हाळ्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि पावसाळ्यात मातीवर गाडी चालत नाही, त्यामुळे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच. त्याआधी नकाशांवरून आठ-दहा एकरांचे, खाली भक्कम असलेले तीन-चार तुकडे निवडून त्यांची यादी नगरपालिकेच्या सभेपुढे ठेवणे, एवढे काम एका पावसाळ्यात होण्यासारखे आहे आणि त्याला कुठल्याही निविदेची गरज नाही.